पॅकेजचं रिलीज आणि चेंजलॉग आपोआप: कमिटच्या मथळ्यापासून रजिस्ट्रीपर्यंत

माझ्या एका छोट्या लायब्ररीचं रिलीज मी तीन वर्षं हाताने करत होतो. कामांची यादी टेबलासमोर चिकटवलेली होती: व्हर्जनचा आकडा वाढवायचा, चेंजलॉगमध्ये (कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याच्या नोंदीत) चार ओळी लिहायच्या, कमिट करायचं (बदल गिटमध्ये नोंदवायचा), त्यावर व्हर्जनचा टॅग लावायचा, बिल्ड करायचं (कोडपासून वापरायच्या फाइली बनवायच्या), रजिस्ट्रीवर (जिथून लोक पॅकेज उतरवून घेतात तिथे) चढवायचं. एकदा संध्याकाळी घाईत एक पॅच सोडला. सकाळी तीन जणांच्या तक्रारी आल्या: जी चूक दुरुस्त केली म्हणून लिहिलंय, ती तशीच आहे. रेपोतला (प्रकल्पाच्या कोडच्या गिटमधल्या साठ्यातला) कोड पाहिला, बरोबर होता. टॅग योग्य कमिटवर होता. टेस्ट पास होत होत्या. दोन तास गेल्यावर रजिस्ट्रीवरचं पॅकेज उतरवून, उघडून आत पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. बिल्डची कमांड चालवायची राहून गेली होती आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरात आदल्या आठवड्याच्या फाइली पडून होत्या. त्या जुन्या फाइलीच पॅकेजमध्ये गेल्या होत्या.

वेळ वाचतो म्हणून रिलीज आपोआप करावं असं सहसा सांगितलं जातं. ते खरं आहेच, पण माझ्या लेखी मुख्य कारण दुसरं आहे. रेपोत दिसतं तेच पॅकेजमध्ये आहे, याची खात्री माणसाच्या लॅपटॉपवरून देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात जे सापडलं, त्यात हीच फट मुद्दाम वापरली होती. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या फाइलीत) बिल्डच्या वेळी चालणारी एक स्क्रिप्ट होती, आणि ती गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. गिट वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. माझ्याकडून झाली ती विसरभोळी चूक होती, तिथे ठरवून केलेला घात होता. पण दोन्हींना वाट मिळाली ती रेपो आणि पॅकेज यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून.

म्हणून या लेखात आपण जी साखळी उभी करणार आहोत तिचा नियम एकच: कोड मर्ज झाल्यापासून (मुख्य कोडमध्ये मिसळल्यापासून) पॅकेज रजिस्ट्रीवर जाईपर्यंत कोणाच्याही लॅपटॉपचा संबंध येणार नाही, आणि माणसाचा निर्णय मात्र एका ठरलेल्या जागी नक्की घेतला जाईल. उदाहरणं गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्सची आहेत, कारण तिथले खड्डे मला ओळखीचे आहेत. गिटलॅबवर किंवा दुसरीकडे नावं बदलतील, क्रम तोच राहील. कमांड, सेटिंग आणि कमिटचे ठरलेले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलीत ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

आधी हातची कृती कागदावर उतरवा

साधन निवडायच्या आधी आज तुम्ही रिलीज कसं करता ते पायरीपायरीने लिहा. अगदी "ब्राउझर उघडून रिलीज नोट चिकटवतो" इथपर्यंत. दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली, व्हर्जनचा आकडा किती ठिकाणी लिहिलेला आहे. माझ्याकडे तो चार ठिकाणी निघाला: पॅकेजच्या मुख्य फाइलीत, कोडमधल्या एका स्थिरांकात, रीडमीतल्या इन्स्टॉलच्या ओळीत आणि डॉक्युमेंटेशनच्या सेटिंगमध्ये. शक्य असेल तर तो एकाच जागी ठेवा. पायथनमध्ये सेटअपटूल्स-एससीएमसारखं साधन गिटच्या टॅगवरूनच आकडा काढतं, मग फाइलीत तो लिहावाच लागत नाही.

दुसरी, कुठल्या पायऱ्यांना खरोखर डोकं लागतं. बहुतेक यादीत अशा दोनच असतात: हा बदल किती मोठा आहे हे ठरवणं, आणि वापरणाऱ्याला तो समजेल अशा शब्दांत सांगणं. बाकी सगळं यंत्राचं काम.

आकड्याचा करार

सिमँटिक व्हर्जनिंगची नियमावली गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिली. तीन आकडे: मेजर, मायनर, पॅच. जुना वापर मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, काही मोडलं नाही पण नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. वरचा आकडा वाढला की त्याच्या उजवीकडचे शून्यावर येतात. म्हणजे १.४.२ नंतर नवी सोय आली तर १.५.०. आणि एकदा प्रकाशित झालेल्या व्हर्जनमध्ये कसलाही फेरफार करायचा नाही. बदल हवा तर नवा आकडा.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण येते ती सीमेवरच्या बदलांत, आणि तिथे टीमने आधी ठरवून ठेवलेलं बरं. भाषेच्या जुन्या व्हर्जनचा आधार काढला, तर मी तो मेजर धरतो. कारण कालपर्यंत चालणारं कोणाचं तरी इन्स्टॉलेशन आज अडतं. एरर मेसेजमधले शब्द बदलले तर पॅच, पण एररचा प्रकार बदलला तर मेजर, कारण लोक त्या प्रकारावर कोड लिहितात. ० ने सुरू होणारी व्हर्जन म्हणजे अजून घडण चालू आहे, काहीही बदलू शकतं, असं नियमावलीच सांगते. तरी व्यवहारात ०.३ वरून ०.४ वर जाताना काही मोडू शकतं, हा संकेत बहुतेक जण पाळतात. तुमच्या साधनालाही तो समजावून सांगावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

कमिटचा मथळा: सगळी साखळी इथून हलते

यंत्राला आकडा काढायचा तर बदल कुठल्या प्रकारचा आहे हे कुठेतरी ठरलेल्या भाषेत लिहिलेलं हवं. अँग्युलर प्रकल्पाच्या पद्धतीवरून कन्व्हेन्शनल कमिट्स ही सर्वमान्य रीत तयार झाली. मथळ्याची घडण अशी: प्रकार, हवा तर कंसात भाग, मग विसर्गचिन्हासारखा कोलन, मग वर्णन. "फीट" म्हणजे नवी सोय, मायनर वाढतो. "फिक्स" म्हणजे दुरुस्ती, पॅच वाढतो. कोलनच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं, किंवा खाली "ब्रेकिंग चेंज" अशी कॅपिटल अक्षरांत तळटीप लिहिली, तर मेजर. "डॉक्स", "टेस्ट", "रिफॅक्टर", "चोअर" असे बाकीचे प्रकार सहसा रिलीज घडवत नाहीत.

माझ्याच रेपोतला एक जुना मथळा पाहा:

> तारखेचा बग काढला

आणि आज तोच बदल मी असा लिहीन:

> फिक्स(पार्सर): तारखेचा रकाना रिकामा आला तरी फाइल वाचणं थांबू नये

पहिल्या ओळीतून यंत्राला काहीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी मलाही कळत नाही. दुसऱ्या ओळीतून यंत्राला पॅच कळतो. शिवाय ही ओळ चेंजलॉगमध्ये जशीच्या तशी गेली, तरी वापरणाऱ्याला आपल्याशी तिचा संबंध आहे की नाही हे ओळखता येतं. मथळा लिहिताना समोर रिव्ह्यू करणारा सहकारी नसून, व्हर्जन वाढवावी की नाही या विचारात असलेला अनोळखी माणूस आहे असं समजा. या एका सवयीने चेंजलॉगचा दर्जा जेवढा सुधारला, तेवढा कुठल्याही साधनाने सुधारला नाही.

आता ही शिस्त पाळायची कशी? प्रत्येक कमिटवर सक्ती करू नका. लोक काम करताना "परत प्रयत्न" असे दहा कमिट करतात आणि ते करू द्यावेत. त्याऐवजी स्क्वॉश मर्ज ठेवा, म्हणजे एका पुल रिक्वेस्टचा (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीचा) मुख्य ब्रँचवर एकच कमिट होईल, आणि सक्ती फक्त पुल रिक्वेस्टच्या शीर्षकावर करा. शीर्षक ठरलेल्या रचनेत नसेल तर चेक लाल होईल आणि मर्ज अडेल. कमिटलिंट हे मथळ्याची रचना तपासणारं साधन शीर्षकाची ओळ देऊनही चालवता येतं.

यात एक खड्डा आहे. पुल रिक्वेस्टमध्ये एकच कमिट असेल, तर स्क्वॉश करताना गिटहब मुळात शीर्षकाऐवजी त्या कमिटचा मेसेज उचलतं. शीर्षक तपासून हिरवं झालेलं असतं आणि मुख्य ब्रँचवर मात्र "दुरुस्ती" एवढाच मेसेज जातो. यंत्र तो ओळखत नाही, रिलीज होत नाही आणि कोणी लक्ष दिलं नाही तर आठवडाभर कळतही नाही. रेपोच्या सेटिंगमध्ये स्क्वॉशचा डीफॉल्ट मेसेज "पुल रिक्वेस्टचं शीर्षक" असा करून टाका. हे आजच करा, बाकीचं नंतर.

तीन रस्ते, आणि त्यांतला कुठला घ्यावा

पहिला रस्ता सिमँटिक-रिलीजचा. मुख्य ब्रँचवर मर्ज झालं की ते मागच्या टॅगपासूनचे कमिट वाचतं, आकडा ठरवतं, टॅग लावतं, पॅकेज पब्लिश करतं, नोट लिहितं. मध्ये कोणी विचारत नाही. टेस्टवर पूर्ण विश्वास असलेल्या, दिवसाला अनेकदा रिलीज करणाऱ्या टीमला हे शोभतं. ०.३ सारख्या सुरुवातीच्या व्हर्जनवर रेंगाळायला ते देत नाही, पहिलं रिलीज थेट १.०.० करतं. वाढवलेला आकडा रेपोत परत कमिट करणंही त्याच्या मूळ पद्धतीत बसत नाही. टॅग हाच खरा आकडा मानायचा.

दुसरा रस्ता रिलीज-प्लीजचा, जे गूगलच्या लोकांनी बनवलं. तेही कमिटच वाचतं, पण लगेच रिलीज न करता एक पुल रिक्वेस्ट उघडून ठेवतं. तीत वाढलेला आकडा आणि चेंजलॉगमधल्या नव्या ओळी असतात. नवे कमिट आले की ती स्वतःच ताजी होते. तुम्ही ती मर्ज केली की टॅग लागतो आणि गिटहबवर रिलीज तयार होतं.

तिसरा रस्ता चिठ्ठ्यांचा. जावास्क्रिप्टमध्ये चेंजसेट्स आणि पायथनमध्ये टाउनक्रायर ही त्यातली ओळखीची नावं. पिप आणि पायटेस्ट दोन्ही टाउनक्रायर वापरतात. इथे कमिटच्या मथळ्याला महत्त्व नाही. प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत एक छोटी फाइल द्यायची, तीत बदलाचं वर्णन वापरणाऱ्यासाठी लिहायचं. रिलीजच्या वेळी साधन सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून चेंजलॉग बनवतं आणि चिठ्ठ्या काढून टाकतं. चेंजलॉगची भाषा या रस्त्याने सगळ्यात चांगली होते, कारण लिहिणारा मुद्दाम थांबून लिहितो. बाहेरून योगदान देणाऱ्याला मात्र एक पायरी वाढते. एकाच रेपोत दहा-वीस पॅकेजेस असतील तर मी निःसंकोच चेंजसेट्स घेईन. कुठल्या पॅकेजचा कुठला आकडा वाढावा हे तिथे स्पष्ट लिहिता येतं आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजेसचे आकडे ते स्वतः सांभाळतं.

एक-दोन पॅकेजेस सांभाळणाऱ्या छोट्या टीमने दुसऱ्या रस्त्याने जावं असं माझं ठाम मत आहे. "आता रिलीज करू या का" हा प्रश्न तिथे माणसालाच विचारला जातो, पण उत्तर द्यायला एक बटण पुरतं. म्हणून पुढची मांडणी त्याचीच.

रिलीजची पुल रिक्वेस्ट उभी करणं

१. रेपोच्या मुळाशी दोन जेसन फाइली लागतात. कॉन्फिग फाइलीत पॅकेजचा प्रकार सांगायचा: नोड, पायथन, रस्ट, गो, किंवा यांपैकी काहीच नसेल तर सिंपल. मॅनिफेस्ट फाइलीत आजचा व्हर्जन आकडा लिहायचा. हा आकडा रजिस्ट्रीवरच्या शेवटच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळतो का ते स्वतः जाऊन बघा. आठवणीवर विसंबू नका.

२. रेपो जुना असेल तर पहिल्याच वेळी साधन सगळा इतिहास उपसून चेंजलॉगमध्ये शेकडो ओळी ओततं. ते टाळायला कॉन्फिगमध्ये बूटस्ट्रॅप-शा या नावाने शेवटच्या रिलीजच्या कमिटचा पूर्ण हॅश (त्याची गिटमधली खास ओळख) द्या. मोजणी तिथून पुढे सुरू होईल.

३. अजून ०.क्ष वर असाल तर बम्प-मायनर-प्री-मेजर हे सेटिंग चालू करा. नाहीतर पहिल्या मोडतोडीच्या बदलाला पुल रिक्वेस्ट थेट १.०.० म्हणेल.

४. व्हर्जनचा आकडा आणखी कुठल्या फाइलीत असेल तर ती एक्स्ट्रा-फाइल्समध्ये नोंदवा आणि त्या ओळीशेजारी एक्स-रिलीज-प्लीज-व्हर्जन अशी टिप्पणी टाका. माझा कोडमधला स्थिरांक आता असाच बदलतो.

५. वर्कफ्लोची (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची) यॅमल फाइल मुख्य ब्रँचवरच्या पुशला जोडा. परवानग्यांमध्ये कंटेंट्स, इश्यूज आणि पुल-रिक्वेस्ट्स या तीनच गोष्टींना लिहिण्याची मुभा द्या. शिवाय रेपोच्या सेटिंगमध्ये "ॲक्शन्सना पुल रिक्वेस्ट उघडू द्या" असा एक खण आहे, त्यावर खूण करा. ती नसेल तर परवानग्या बरोबर असूनही काम अडतं आणि एरर वाचून कारण पटकन लक्षात येत नाही.

६. एकापाठोपाठ दोन मर्ज झाले तर दोन धावा एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून कॉन्करन्सी गट लावा. रिलीजच्या धावेत मात्र चालू काम रद्द करण्याचा पर्याय बंद ठेवा. अर्धवट चढलेलं पॅकेज निस्तरणं त्रासाचं असतं.

दुसऱ्या साधनांनी जाणार असाल तर एक गोष्ट इथेच सांगतो. गिटहबचं चेकआउट (कोड उतरवून घेणारी पायरी) मुळात फक्त शेवटचा एक कमिट आणतं, टॅगही आणत नाही. चेंजलॉग बनवणारं गिट-क्लिफ, सिमँटिक-रिलीज किंवा सेटअपटूल्स-एससीएम यांना इतिहास लागतो. फेच-डेप्थ ० केल्याशिवाय त्यांना मागचा टॅग सापडतच नाही, आणि मग कोणी चुकीचा आकडा काढतं, कोणी रिकामा चेंजलॉग देतं.

आकडा यंत्रावर सोडायचा नसेल, उदाहरणार्थ काही मोडलेलं नसतानाही २.० जाहीर करायचं असेल, तर कमिटच्या तळाशी "रिलीज-ॲज: २.०.०" अशी ओळ लिहिली की पुल रिक्वेस्ट तो आकडा घेते.

पब्लिश: टोकनची जागा आणि टोकन नसण्याची सोय

रिलीज तयार झालं की पब्लिश करणारा दुसरा वर्कफ्लो सुरू व्हावा, अशी रचना सगळ्यांच्या मनात आधी येते. माझ्याही आली. ती चालत नाही. वर्कफ्लोला मिळणाऱ्या अंगभूत टोकनने (परवानगीच्या चावीने) केलेल्या कृतीतून दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. धावांचं अंतहीन चक्र लागू नये म्हणून गिटहबने तसं ठेवलं आहे. टॅग लागतो, रिलीज दिसतं, रजिस्ट्रीवर काहीच जात नाही. साधा उपाय असा: पब्लिशचा जॉब त्याच फाइलीत ठेवा आणि रिलीज-प्लीजच्या आउटपुटमध्ये "रिलीज-क्रिएटेड" खरं असेल तरच तो चालेल अशी अट घाला. याच कारणाने रिलीजच्या पुल रिक्वेस्टवर तुमच्या टेस्टही आपोआप चालत नाहीत. त्या हव्या असतील तर गिटहब ॲप बनवून त्याचं टोकन देता येतं. मी तसंच केलं आहे, कारण टेस्ट न चाललेली पुल रिक्वेस्ट मर्ज करायला मन धजत नाही.

पब्लिशच्या जॉबमध्ये क्रम असा ठेवा: ताजं चेकआउट, लॉक फाइलीप्रमाणे इन्स्टॉल, टेस्ट, बिल्ड, पॅकेजची तपासणी, आणि शेवटी अपलोड. बिल्डच्या आधी कुठलंही जुनं फोल्डर नसणं हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू, त्यामुळे बिल्डचं फलित कॅशमध्ये ठेवण्याचा मोह टाळा.

आता चाव्यांचा प्रश्न. पूर्वी रजिस्ट्रीचं कायमस्वरूपी टोकन गुपितांच्या यादीत ठेवायची पद्धत होती. ते चोरीला गेलं की चोर तुमच्या नावाने काहीही पब्लिश करू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवर पसरलेल्या शाय-हुलूद नावाच्या किड्याने हेच केलं: सापडलेली टोकनं वापरून तो त्या लोकांच्या इतर पॅकेजेसच्या बाधित व्हर्जन स्वतःच पब्लिश करत सुटला. आता यावर चांगला पर्याय आहे. त्याला ट्रस्टेड पब्लिशिंग म्हणतात. पायथनच्या रजिस्ट्रीवर, म्हणजे पायपीआयवर, तो एप्रिल २०२३ पासून आणि एनपीएमवर जुलै २०२५ पासून उपलब्ध आहे. रजिस्ट्रीला एकदाच सांगून ठेवायचं की अमुक रेपोतल्या अमुक वर्कफ्लो फाइलीवर माझा विश्वास आहे. मग वर्कफ्लो ओआयडीसी या ठरलेल्या पद्धतीने, कायमच्या चावीशिवाय, आपली ओळख पटवतो आणि त्याला थोड्या मिनिटांपुरतं टोकन मिळतं. साठवायचं काहीच नाही, म्हणून चोरण्यासारखंही काही नाही.

त्यासाठी पब्लिशच्या जॉबला, आणि फक्त त्यालाच, आयडी-टोकन लिहिण्याची परवानगी द्या. वर्कफ्लो फाइलीचं नाव बदललं तर रजिस्ट्रीतली नोंदही बदलावी लागते. शक्य असेल तर या जॉबला "रिलीज" नावाचं एन्व्हायर्नमेंट जोडा आणि त्यावर एका माणसाच्या मंजुरीची अट ठेवा. व्यवस्था नीट चालू झाली की जुनी टोकनं रद्द करा. रजिस्ट्रीवरची, गुपितांच्या यादीतली, आणि लॅपटॉपवरच्या सेटिंग फाइलीत राहून गेलेलीसुद्धा.

बाहेरच्या ॲक्शन्स वापरता तेव्हा त्या टॅगने न घेता कमिटच्या पूर्ण हॅशने घ्या. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे जुने टॅग घातक कमिटकडे वळवले गेले आणि अनेक रेपोंची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. हॅशने बांधून घेतलेल्या ठिकाणी टॅग हलवून काही साधलं नसतं.

चेंजलॉग वाचतो माणूस

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक प्रकल्प पाइपलाइन चालली की हा भाग सोडून देतात. कमिटची यादी म्हणजे चेंजलॉग नव्हे. ऑलिव्हिए लाकाँ यांनी सुरू केलेल्या कीप अ चेंजलॉगचा गाभाच हा आहे. त्यात बदलांचे सहा गट दिले आहेत: नवं, बदललेलं, लवकरच जाणारं, काढलेलं, दुरुस्त केलेलं आणि सुरक्षिततेचं. नवी व्हर्जन वर आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. रिलीज-प्लीजच्या कॉन्फिगमध्ये कुठल्या प्रकाराला कुठलं शीर्षक द्यायचं आणि कुठला प्रकार लपवायचा हे ठरवता येतं. मी डॉक्स, टेस्ट आणि चोअर लपवतो.

मोडतोडीचा बदल असेल तर एका ओळीने भागत नाही. "पार्सचं दुसरं आर्ग्युमेंट काढलं" एवढं वाचून वापरणारा अडतो. काय काढलं, का काढलं आणि आता काय लिहायचं, तिन्ही हवं. ते कमिटच्या "ब्रेकिंग चेंज" तळटीपेत लिहा, तिथून ते चेंजलॉगमध्ये येतं:

> पार्सचं दुसरं आर्ग्युमेंट काढलं. त्यातून टाइमझोन दिला तरी काही वेळा तो गुपचूप दुर्लक्षित व्हायचा. आता पर्यायांच्या ऑब्जेक्टमध्ये झोन द्या. झोन न दिल्यास यूटीसी धरला जातो. पूर्वी मशीनचा स्थानिक झोन धरला जायचा, तेव्हा जुन्या तारखा एकदा पडताळून घ्या.

यातलं शेवटचं वाक्य कुठलंही यंत्र लिहून देणार नाही. कोणाच्या तरी तारखा एका दिवसाने सरकणार आहेत हे तो बदल करणाऱ्यालाच माहीत असतं.

चुकीचा मथळा मर्ज झाला असेल तर? रिलीजच्या पुल रिक्वेस्टमध्ये शिरून हाताने ओळी सुधारू नका. नवा कमिट आला की साधन ती पुन्हा लिहितं आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. त्याऐवजी मूळ, मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टचं वर्णन उघडा आणि त्यात "बिगिन-कमिट-ओव्हरराइड" व "एंड-कमिट-ओव्हरराइड" या दोन खुणांमध्ये नवा मथळा लिहा. पुढच्या धावेत साधन तो उचलतं. स्क्वॉश मर्ज ठेवण्याचं हे आणखी एक कारण. साध्या मर्जला ही सोय लागू पडत नाही.

आणि मर्जचं बटण दाबण्याआधी पुल रिक्वेस्ट दोन मिनिटं अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी वाचा. आकडा पटतो का? "फिक्स" म्हणून आलेल्या एखाद्या ओळीत खरं तर वागणूक बदललेली आहे का? हीच ती ठरलेली जागा, जिथे माणसाचा निर्णय हवा.

रंगीत तालीम

पहिलं खरं रिलीज करण्याआधी कोरडी धाव घ्या. एनपीएमचं पॅक ड्राय-रनसह चालवलं की पॅकेजमध्ये नेमक्या कुठल्या फाइली जाणार त्यांची यादी मिळते. ती खरंच वाचा. टेस्टचा डेटा, एन्व्हायर्नमेंटच्या फाइली, स्वतःच्या नोंदी असं काहीबाही तिथे सापडतं. रस्टच्या कार्गोच्या पब्लिशलाही ड्राय-रन आहे. पायथनसाठी ट्वाइनची चेक कमांड वर्णन नीट दिसेल की नाही ते सांगते, आणि टेस्टपायपीआय नावाची वेगळी सरावाची रजिस्ट्री आहे, तिथे पूर्ण साखळी चालवून पाहता येते.

माझ्या त्या जुन्या फजितीनंतर पब्लिशच्या जॉबमध्ये मी एक पायरी कायमची जोडली आहे. बनलेलं पॅकेज रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल करायचं, ते आयात करायचं आणि त्याने छापलेलं व्हर्जन टॅगशी जुळतं का ते पाहायचं. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे. तेव्हा ती असती, तर जुना बिल्ड दारातच अडला असता.

बीटा काढायची असेल तर २.०.०-बीटा.१ असा आकडा घ्या आणि एनपीएमवर नेक्स्ट किंवा बीटा हा वितरण-टॅग उघड लिहून द्या. जुन्या मालिकेवर, समजा १.८.५, दुरुस्ती सोडतानाही टॅग द्याच. जुन्या एनपीएममध्ये तो न दिल्यास लेटेस्ट हा टॅग २.क्ष वरून मागे १.८.५ वर यायचा आणि नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला जुनी मालिका मिळायची. ११ व्या व्हर्जनपासून एनपीएम अशा वेळी अडवतं.

चुकीचं रिलीज गेलंच तर

पहिली गोष्ट: टॅग हलवू नका, आणि तोच आकडा परत वापरायचा प्रयत्न करू नका. एनपीएमवर व्हर्जन काढून टाकली तरी तो आकडा पुन्हा कधी मिळत नाही. पायपीआयवर फाइल पुसली तरी त्याच नावाची फाइल परत चढवता येत नाही. गोमध्ये तर मॉड्यूलचा चेकसम सार्वजनिक नोंदीत जातो, मग टॅग हलवला की वापरणाऱ्यांना सुरक्षिततेची एररच दिसते.

काढून टाकणं हा मार्गही जवळजवळ कधीच बरोबर नसतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. त्यानंतर एनपीएमने नियम कडक केले. ७२ तासांनंतर पॅकेज मागे घेणं फार मर्यादित परिस्थितीतच जमतं. त्याऐवजी प्रत्येक रजिस्ट्रीने दिलेली सौम्य सोय वापरा. एनपीएमवर डेप्रिकेट करून इशारा लिहा. पायपीआयवर आणि रस्टच्या क्रेट्सवर यँक करा, म्हणजे नव्याने निवड करताना ती व्हर्जन टाळली जाते, पण ज्यांनी तोच आकडा बांधून ठेवला आहे त्यांचं चालू राहतं. गोमध्ये मॉड्यूलच्या फाइलीत रिट्रॅक्टची ओळ लिहून नवी व्हर्जन सोडा.

मग दुरुस्तीचा पॅच नेहमीच्याच वाटेने सोडा: रिव्हर्ट (चुकलेला बदल उलटवणं), पुल रिक्वेस्ट, रिलीज. घाईत लॅपटॉपवरून ढकलण्याचा मोह याच वेळी सगळ्यात जास्त होतो. पाइपलाइन दहा मिनिटांची असेल तर ती दहा मिनिटं थांबा आणि तेवढ्या वेळात चेंजलॉगमधली नोंद लिहा. मागे घेतलेली व्हर्जन चेंजलॉगमधून पुसायची नसते, तिच्यापुढे तसं नोंदवायचं असतं:

> १.६.१ (मागे घेतली): बिल्डमध्ये जुन्या फाइली गेल्या होत्या, तारखेची दुरुस्ती या व्हर्जनमध्ये नाही. १.६.२ घ्या. १.६.० वापरत असाल तर थेट १.६.२ वर जाता येईल, दुसरा कुठलाही बदल करावा लागत नाही.